पाच दिवस, तीन परीक्षक आणि छातीवरचा नंबर

सैन्यदलात अधिकारी म्हणून जायचं तर लेखी परीक्षा पास होऊन भागत नाही. त्यानंतर साधारण पाच दिवस सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या, म्हणजे एसएसबीच्या आवारात राहावं लागतं. भोपाळ, बेंगळुरू, प्रयागराज, म्हैसूर, डेहराडून अशा ठिकाणी ही बोर्डं आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, एनडीएत, जायचं असेल तर लेखी परीक्षेला ९०० गुण आणि या मुक्कामालाही ९०० गुण. गणित, इंग्रजी, सामान्य ज्ञान या सगळ्यांना मिळून जेवढं वजन, तेवढंच वजन उमेदवार माणूस म्हणून कसा आहे याला.

दिसणं आणि स्वभाव यांपैकी कामधंद्यात काय कामाला येतं, याची चर्चा घरोघरी चालते. त्या चर्चेला एसएसबीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. दिसण्याचा प्रभाव कुठे चालू द्यायचा आणि कुठे तोडायचा, याची इथे जाणूनबुजून व्यवस्था केलेली आहे. ती व्यवस्था कशी चालते हे समजलं, की आपल्याकडच्या साध्या नोकरीच्या मुलाखतीत काय चुकतं तेही दिसायला लागतं.

आधी पहिल्या नजरेची ताकद पाहू. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले, तेही सेकंदाचा दहावा भाग एवढाच वेळ. तेवढ्यात पाहणाऱ्यांनी हा माणूस विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का, हे ठरवूनही टाकलं. जास्त वेळ मिळाला तरी मत फारसं बदललं नाही. आपलं मत बरोबर असल्याची खात्री मात्र वाढली. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. उमेदवार दारातून खुर्चीपर्यंत येतो तोवर आपलं मत बनलेलं असतं आणि पुढची वीस मिनिटं बहुधा त्या मताला आधार शोधण्यात जातात.

दुसरी अडचण अशी, की हे मत एका गुणापुरतं राहत नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२० मध्ये ती दाखवून दिली आणि त्यासाठी वापरले सैन्यातलेच शेरे. वरिष्ठांनी हाताखालच्या अधिकाऱ्यांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या बाबींवर गुण दिले होते. हे सगळे गुण एकमेकांना इतके जुळत होते, की ते खरे असणं शक्य नव्हतं. धिप्पाड माणूस हुशारही ठरत होता आणि सचोटीचाही. एका चांगल्या गोष्टीचा उजेड बाकी सगळ्यावर पडत होता. याला पुढे हेलो इफेक्ट हे नाव रूढ झालं.

याची किंमत पैशातही मोजली गेली आहे. डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल या अर्थतज्ज्ञांनी १९९४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातली आकडेवारी तपासली. सर्वसाधारण रूपाच्या लोकांच्या तुलनेत, दिसायला डावे मानले गेलेल्यांची कमाई ५ ते १० टक्क्यांनी कमी निघाली. मग देखणे लोक कामही जास्त चांगलं करतात का? मार्कस मोबियस आणि टान्या रोझेनब्लाट यांच्या २००६ च्या प्रयोगात संगणकावरचे भूलभुलैये सोडवायचे होते. देखणे लोक त्यात काही सरस ठरले नाहीत. तरी मालकाच्या भूमिकेत बसवलेल्यांनी त्यांच्याकडून जास्त अपेक्षा धरली. मला यातला पुढचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. चेहरा न दाखवता नुसतं फोनवर बोलू दिलं, तरी देखण्यांना काही प्रमाणात झुकतं माप मिळालंच. आयुष्यभर लोक चांगलं वागले, म्हणून त्यांच्या बोलण्यात आत्मविश्वास आलेला असावा आणि तो आवाजातून पोहोचत असावा. म्हणजे चेहरा झाकला की काम झालं, असंही नाही. माणसाला प्रत्यक्ष काहीतरी करायला लावून पाहावं लागतं.

नेमकी हीच गोष्ट ब्रिटिश सैन्याला दुसऱ्या महायुद्धात कळली. तोवर अधिकारी निवडायचे ते थोडक्या वेळाच्या मुलाखतीत. शाळा कुठली, घराणं कुठलं, बोलण्याची ढब कशी, एवढं पाहिलं की अनुभवी डोळ्याला माणूस कळतो, असा विश्वास होता. पण निवडलेले लोक प्रशिक्षणात टिकेनात, बरेच जण परत पाठवावे लागले आणि युद्ध तर अधिकारी मागत होतं. तेव्हा १९४२ मध्ये नवी निवड मंडळं सुरू झाली. एडिंबरोतल्या कामात विल्फ्रेड बायॉन या मानसोपचारतज्ज्ञानं एक साधी पण विलक्षण युक्ती आणली. आठ-दहा जणांना एकत्र सोडायचं, काम द्यायचं आणि त्यांचा प्रमुख नेमायचाच नाही. कोण पुढे येतो, कोण दुसऱ्याचं ऐकतो, काम अडल्यावर कोण चिडतो, हे बाजूला उभं राहून पाहायचं. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, डेहराडूनला असंच प्रायोगिक मंडळ सुरू झालं. आजची एसएसबी त्या रोपाची वाढ आहे.

आता पाच दिवसांत काय होतं ते पाहू.

पोहोचल्यावर उमेदवाराला एक कापडी पट्टा मिळतो, त्यावर पुढे-मागे आकडा असतो. हा चेस्ट नंबर. इथून पुढे त्याला त्याच नंबरानं हाक मारतात. आडनाव, आणि आडनावाबरोबर येणारे सगळे तर्क, निदान मैदानावर तरी मागे पडतात. पहिल्या टप्प्यात बुद्धिमापन चाचणी आणि एक चित्रचाचणी असते. पडद्यावर धूसर चित्र ३० सेकंद दिसतं. त्यावर काही मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात बसून ती सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथे गोंधळ होतो. पंधराएक जण एकदम बोलायला लागतात. ज्यांची निवड होत नाही ते त्याच दिवशी घरी परततात. उमेदवारांच्या भाषेत, ते 'स्क्रीन आउट' झाले. या टप्प्यावर अंगकाठी, आवाज, सफाई यांचा फायदा होत असणार, हे मला नाकारता येत नाही. वेळ थोडा आणि माणसं जास्त असली, की पहिल्या नजरेला वाव मिळतोच.

उरलेल्यांची खरी पारख पुढच्या दिवसांत होते आणि ती तीन परीक्षक तीन वेगळ्या वाटांनी करतात. बोर्डाच्या भाषेत मनसा, वाचा, कर्मणा. मन मानसशास्त्रज्ञ पाहतो, वाणी मुलाखत घेणारा अधिकारी, आणि करणी मैदानावरचा ग्रुप टेस्टिंग ऑफिसर, ज्याला सगळे जीटीओ म्हणतात. शेवटच्या दिवसापर्यंत हे तिघं आपापली मतं एकमेकांना सांगत नाहीत. साऱ्या रचनेची कळ इथे आहे. एकाच्या डोळ्यांवर उमेदवाराच्या रूपाचा परिणाम झाला, तर तो दुसऱ्याच्या मतात झिरपायला जागा उरत नाही.

त्यातही मानसशास्त्रज्ञाची वाट सर्वांत निराळी, कारण त्याच्यापुढे सहसा माणूस येतच नाही, येतात ते लिहिलेले कागद. उमेदवार बारा चित्रांवर बारा गोष्टी लिहितो, त्यातलं शेवटचं चित्र कोरं असतं. प्रत्येक गोष्टीला चार मिनिटं. मग साठ शब्द एकामागून एक पडद्यावर येतात, शब्दाला पंधरा सेकंद, तेवढ्यात मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग अर्ध्या तासात साठ प्रसंग. समजा, प्रवासात पाकीट मारलं गेलं आणि उद्या सकाळी परीक्षा आहे, तर तुम्ही काय कराल? उत्तर एका ओळीत. शेवटी पंधरा मिनिटांत स्वतःबद्दल लिहायचं : आई-वडील आपल्याबद्दल काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, स्वतःला काय वाटतं आणि पुढे कसं व्हायचं आहे.

इतकी घाई कशासाठी? विचार करायला वेळ मिळाला तर माणूस शोभेल ते लिहितो. पंधरा सेकंदांत शोभेल ते सुचायच्या आधी सवयीचं हातातून उतरतं. 'अपयश' हा शब्द दिसल्यावर एखाद्याच्या मनात रागाचं वाक्य येतं, एखाद्याच्या मनात कुणाला तरी दोष देण्याचं, एखाद्याच्या मनात पुढच्या प्रयत्नाचं. एका वाक्यावरून काहीच सिद्ध होत नाही. साठ वाक्यं, साठ प्रसंग आणि बारा गोष्टी मिळून मात्र कल उमटतो. क्लासमध्ये पाठ करून आलेली वाक्यंही इथे उघडी पडतात. गोष्टींतला नायक दर वेळी गाव वाचवतो आणि स्वतःबद्दलच्या पानावर साधी जबाबदारी घेतल्याचं एकही उदाहरण नसतं, तेव्हा ती तफावत वाचणाऱ्याला दिसते.

मैदानावरचे दोन दिवस म्हणजे दिसण्याची आणखी एक काटछाट. सगळे पांढऱ्या टीशर्टात, पांढऱ्या हाफपँटमध्ये, कॅनव्हासच्या बुटांत. ब्लेझर आणि टाय खोलीवर राहिलेले. गटाला फळी, बल्ली, दोर आणि एक जड ओझं मिळतं आणि ते सगळं घेऊन अडथळे पार करायचे असतात. लाल रंगाच्या भागाला हात लागता कामा नये, चार फुटांपेक्षा जास्त अंतर उडी मारून ओलांडायचं नाही. पहिला अडथळा सोपा, दुसरा थोडा अवघड, पुढचा त्याहून अवघड. सुरुवातीला उंच, भरदार आवाजाचा मुलगा हुकूम सोडत असतो. फळी दुसऱ्यांदा निसटते, घाम येतो, ऊन चढतं. मग आतापर्यंत गप्प असलेला एखादा जण बल्लीच्या टोकाला बसून वजन धरतो आणि म्हणतो, दोर इकडून बांधा. हळूहळू गट त्याच्याकडे बघायला लागतो. जीटीओच्या वहीत अशा क्षणांची नोंद होते. पुढे प्रत्येकाला एकदा प्रमुख करून मदतीला दोन साथीदार निवडायला सांगतात. दोन दिवस एकत्र घाम गाळलेल्या मुलांनी कुणाला निवडलं, हे परीक्षकाला फार काही सांगून जातं. ही निवड ते चेहऱ्यावर भाळून करत नाहीत.

मुलाखत मात्र समोरासमोर. तिथे इस्त्रीचा शर्ट असतो, पॉलिश केलेले बूट असतात, खुर्चीत बसण्याची पद्धत असते. पण मुलाखत चालते ती उमेदवारानं भरून दिलेल्या माहितीपत्रावरून. अधिकारी एका दमात आठ-दहा प्रश्न विचारतो : दहावीला किती टक्के, बारावीला किती, कमी का झाले, आवडते शिक्षक कोण, का, नावडते कोण, का, घरी कुणाशी जास्त पटतं. सगळे लक्षात ठेवून क्रमानं उत्तरं द्यायची. छंद म्हणून वाचन लिहिलं असेल तर शेवटचं पुस्तक कुठलं, आणि त्यातलं काय पटलं नाही. खोटी भर घातलेली असली तर तिसऱ्या प्रश्नाला ती गळते.

शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. सगळे परीक्षक गणवेशात एका टेबलाभोवती, उमेदवार एकेक करून आत. बहुतेकांना जेवण कसं होतं, मुक्काम कसा झाला एवढंच विचारतात. काठावर असलेल्यांना थोडे जास्त प्रश्न. पंधरा गुणांच्या यादीवर तिन्ही मतं आता प्रथमच शेजारी ठेवली जातात. परिणामकारक बुद्धी, तर्कशक्ती, संघटनकौशल्य, आपलं म्हणणं मांडण्याची ताकद, लोकांत मिसळणं, सहकार्य, जबाबदारीची जाणीव, पुढाकार, आत्मविश्वास, झटपट निर्णय, गटावर प्रभाव, अडचणीतही टिकणारा उत्साह, निश्चय, धैर्य, दमसास. यात रूप नाही, रंग नाही, कपडे नाहीत. उंची, वजन, नजर यांची तपासणी होते ती निवड झाल्यानंतर, लष्करी रुग्णालयात, मोजपट्टीनं. तिचे गुण नसतात, फक्त पात्र किंवा अपात्र.

ही पद्धत अचूक आहे असं मी म्हणणार नाही. ए. पी. जे. अब्दुल कलाम तरुणपणी हवाई दलात वैमानिक होण्यासाठी डेहराडूनच्या बोर्डापुढे गेले होते. पंचवीस जणांत त्यांचा नंबर नववा आला आणि जागा होत्या आठ. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, की तिथे बुद्धीपेक्षा व्यक्तिमत्त्वावर भर होता. देशाची क्षेपणास्त्रं उभी करणारा माणूस बोर्डाच्या चाळणीतून सुटला, असं म्हणता येईल. मला तसं वाटत नाही. बोर्डानं त्यांना एका ठरावीक कामासाठी तपासलं होतं. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं माणसं जोडून ठेवणारा तोच स्वभाव दुसऱ्या कामात फुलला. राष्ट्रपती असताना, जून २००६ मध्ये, पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोईतून उड्डाण केलं, तेव्हा ते तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती होते. नापास झालेल्या कुणाही मुलानं हे ध्यानात धरावं. बोर्ड एका कामासाठी नकार देतं, आणि पुन्हा येण्याची वाटही मोकळी ठेवतं.

व्यवस्थेची खरी चूक वेगळ्या जागी होती. भूदलात १९९२ पासून मुली अधिकारी होऊ लागल्या, याच पंधरा गुणांवर पारखून. तरी एनडीएचं दार त्यांना बंदच होतं. अधिकारी म्हटल्यावर डोळ्यांपुढे जी आकृती यायची ती पुरुषाची होती आणि चाचण्यांनी काहीही सांगितलं तरी ती आकृती हलली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधल्या आदेशानंतर २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये सतरा मुली तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. दिसण्याचा पूर्वग्रह मुलाखतीच्या खोलीबाहेर, अर्जाच्या पात्रतेच्या ओळीतही बसलेला असू शकतो, हे यातून कळतं.

मग नीटनेटकेपणाला काही अर्थच नाही का? आहे, आणि तो समजून घ्यायला हवा. दिसण्यात दोन भाग असतात. चेहरा, रंग, उंची जन्मानं येतात, त्यांवरून स्वभाव कळत नाही. कापलेली नखं, वेळेवर पोहोचणं, ताठ बसणं, समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकणं हे सवयीनं येतं, आणि सवय हा स्वभावाचाच बाहेर दिसणारा भाग. प्रबोधिनीत बूट, पट्टा, केस यांची तपासणी एवढी कडक असते ती त्यामुळे. रोज बूट चमकवणारा हात रोज रायफलही साफ करील, आणि उद्या हाताखालच्या जवानांची रजा, पगार, जेवण यांच्याकडेही तसंच लक्ष देईल, अशी त्यामागची अपेक्षा. पण हा पुरावा कच्चाच. इस्त्रीला वीज लागते, नव्या बुटांना पैसे लागतात. शेतावरून थेट एसटीनं निघालेल्या मुलाचा शर्ट चुरगळला असेल, तर त्यावरून त्याची शिस्त काढू नये.

आपल्याकडची मुलं मात्र उलट्या बाजूनं खर्च करतात, आणि ते पाहून मला वाईट वाटतं. ब्लेझर, केशरचना, इंग्रजी उच्चारांचा कोर्स यांवर घरचे पैसे जातात. वर्गणी गोळा करून गणपतीचा हिशेब ठेवला, आजारी आजीला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, संघाची कप्तानी केली, या गोष्टी सांगण्यासारख्या आहेत हेच कुणी त्यांना सांगत नाही. महाराष्ट्र शासनानं १९७७ मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था सुरू केली. दहावीनंतरची मुलं तिथे दोन वर्षं राहतात. अशा मुक्कामाचा उपयोग याच कारणानं होतो. पंधरा गुण आठवड्याभराच्या शिकवणीत अंगी बाणत नाहीत. रोज पहाटे उठणं, खोली आवरणं, इतरांबरोबर खेळणं, भांडण मिटवणं यांत दोन वर्षं गेली तर त्यातले काही येतात.

सैन्याबाहेरच्या अभ्यासांचा कौलही याच दिशेचा आहे. मरे बॅरिक आणि मायकल माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक जुन्या अभ्यासांची एकत्र छाननी केली. स्वभावाच्या पाच अंगांपैकी एकच अंग त्यांनी पाहिलेल्या सगळ्या प्रकारच्या व्यवसायांत चांगल्या कामाशी जोडलेलं निघालं. ते म्हणजे कर्तव्यदक्षता : हाती घेतलेलं नीट आणि वेळेत पुरं करण्याची वृत्ती. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये निवडीच्या पद्धतींची तुलना केली. सर्वांना ठरलेले प्रश्न विचारणारी मुलाखत गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा पुढच्या कामाचा अंदाज बराच चांगला देते, असं त्यांना दिसलं.

एखाद्या छोट्या कारखान्याला किंवा पतसंस्थेला पाच दिवसांचं बोर्ड परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. अर्जावरचा फोटो काढून टाकता येतो. सर्वांना तेच सहा प्रश्न त्याच क्रमानं विचारता येतात. दोघांनी वेगवेगळी मुलाखत घ्यावी आणि एकमेकांशी बोलण्याआधी आपापलं मत कागदावर लिहून ठेवावं. चहा पिता-पिता झालेल्या चर्चेत ज्याचा आवाज मोठा त्याचं मत सर्वांचं होतं, ते यानं टळतं. आणि मुख्य म्हणजे उमेदवाराला तासभर खरं काम द्यावं. लेखनिक हवा असेल तर एका दिवसाची रोजकीर्द आणि पावत्यांचा गठ्ठा पुढे ठेवावा, त्यात एक रक्कम मुद्दाम चुकीची लिहिलेली असावी. ती त्याला सापडते का, सापडल्यावर तो मेळ बसवायला आकडा दडपतो की उठून येऊन विचारतो, आणि विचारताना आधीच्या लेखनिकाबद्दल कसा बोलतो, हे त्या तासाभरात समोर येतं.